घरीच बनवा शंभर इंची प्रोजेक्टर स्क्रीन: माप, रिपा, कापड आणि काळी मखमल

प्रोजेक्टर घरी आला की त्याच रात्री माणूस स्क्रीन शोधायला बसतो, आणि मग कळतं की चांगली ताणलेली तयार स्क्रीन घ्यायची तर खिशाला परत एकदा कात्री. आता स्क्रीन म्हणजे आहे काय, तर एक मोठं पांढरं, सपाट, चमक नसलेलं पृष्ठ, बास. त्यात ना सर्किट ना मोटर. करवत आणि स्क्रू ड्रायव्हर धरता येत असेल तर सुट्टीच्या एका दिवसात होते. मी आत्तापर्यंत तीन बनवल्या, पहिली मोडून टाकली, दुसरी मित्राने उचलून नेली, तिसरी अजून भिंतीवर आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं त्या पहिलीनेच शिकवलंय.

एक आधीच सांगून टाकतो. नवीन लोक सगळ्यात जास्त डोकं कुठलं कापड घ्यायचं यावर लावतात. कापडाने फरक पडतो, पण माप बरोबर निघालं का, कापड एकसारखं ताणलं का आणि कडेला काळी बॉर्डर लावली का, या तीन गोष्टींनी त्याच्यापेक्षा जास्त पडतो.

आधी प्रकाश पाडा, मग लाकूड आणा

माझी पहिली चूक इथेच झाली. भिंत मोकळी होती, मोजली, १२० इंच बसतंय म्हणून १२० ची लाकडं कापून आणली. मग प्रोजेक्टर त्याच्या ठरलेल्या फळीवर ठेवला तर चित्र येतंय १०४ इंचाचं! झूम नव्हताच, मागे सरकवायला जागाही नव्हती. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो म्हणून एक आकडा असतो, लेन्सपासून स्क्रीनचं अंतर भागिले चित्राची रुंदी म्हणजे तो आकडा. माझा १.५ होता, लेन्सपासून भिंत ३४५ सेंमी, म्हणजे रुंदी २३० सेंमी, आणि २३० सेंमी रुंदी म्हणजे १०४ इंची चित्र, कारण स्क्रीनचे इंच कर्णाचे मोजतात, रुंदीचे नाही. १२० इंचाला रुंदी लागते २६६ सेंमी, त्यासाठी प्रोजेक्टर जवळजवळ चार मीटर लांब हवा होता. हा भागाकार आधी केला असता तर एवढी लाकडं फुकट गेली नसती.

म्हणून पायरी पहिली: प्रोजेक्टर जिथे कायमचा राहणार तिथेच ठेवा, टेबलवर तर टेबलवर, छताला तर छताला. कीस्टोन बंद करा. कीस्टोन म्हणजे वाकडं चित्र सॉफ्टवेअरने सरळ करणं, त्यात चित्राचे पिक्सेल वाया जातात, त्यापेक्षा प्रोजेक्टरच नीट सरळ बसवा. मग भिंतीवर पडलेल्या चित्राच्या चार कोपऱ्यांना मास्किंग टेप लावा आणि तीन-चार दिवस तसंच बघा. या तीन-चार दिवसात खूप काही कळतं, मान वर करावी लागते का, खालच्या कडेला कोणाचं डोकं येतं का, सबटायटल वाचायला डोळे फिरवावे लागतात का. साधारण अंदाज हवा असेल तर कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतरावर बसायचं असतं, म्हणजे १०० इंचाला तीन ते चार मीटर. बसल्यावर नजर स्क्रीनच्या खालच्या एक तृतीयांश भागात पडली पाहिजे. बरेच जण टीव्ही लावतात त्याच्यापेक्षाही वर स्क्रीन टांगतात आणि अर्ध्या तासात मान धरते.

मोठी स्क्रीन म्हणजे चांगली असं नाही, कारण तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. १०० वरून १२० इंच ऐकायला थोडंच वाढलं असं वाटतं पण क्षेत्रफळ वाढतं १.४४ पट. हिशोब सांगतो: सिनेमाघरातल्या डिजिटल प्रोजेक्शनमध्ये पांढऱ्याची चमक ४८ निट्स (निट म्हणजे पृष्ठाची चमक मोजायचं एकक) धरतात, आणि साध्या मॅट पांढऱ्या स्क्रीनवर तेवढी चमक मिळवायला १०० इंचाला सुमारे ४१५ लुमेन (प्रोजेक्टर किती प्रकाश टाकतो त्याचं एकक) लागतात, १२० ला ६००, १५० ला ९३५. हे अंधाऱ्या खोलीतले आकडे, आणि लुमेन म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने खरे मोजलेले, एएनएसआय लुमेन. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर जो हजारांत आकडा छापलेला असतो तो भलत्याच कशाचा तरी असतो, त्याच्यावर विसंबून स्क्रीन मोठी करू नका. शिवाय दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर दिवा जुना होत जातो तसा प्रकाश कमी होतो, दिव्याचं आयुष्य जे तासांत लिहितात ते साधारण प्रकाश निम्मा होईपर्यंतचं असतं. तेव्हा थोडा हात राखून ठेवा.

आणि हो, तुमचा प्रोजेक्टर अल्ट्रा शॉर्ट थ्रो असेल, म्हणजे भिंतीला अगदी चिकटून ठेवायचा प्रकार, तर कापडाच्या भानगडीत पडू नका. त्याचा प्रकाश खालून इतका तिरका येतो की कापडाचा केसाएवढा झोळसुद्धा लाटेसारखा दिसतो. त्याला टणक, एकदम सपाट पृष्ठच लागतं.

कापड

घरातली पांढरी चादर लावून बघणार असाल तर बघा, एक रात्र मजा येते. पण चादरीतून प्रकाश आरपार जातो, तेवढा चित्रातून कमी होतो, आणि मागची भिंत रंगीत असेल तर तिचा रंग परत फिरून चित्रात मिसळतो. परीक्षा सोपी आहे: कापडामागे मोबाईलची बॅटरी लावा, बॅटरीचा गोळा स्पष्ट दिसला तर ते कापड बाद.

मी वापरतो ते ब्लॅकआउट कापड, जे पडद्यांना आतून अस्तर म्हणून लावतात. एका बाजूला कापड, दुसऱ्या बाजूला रबरासारखा लेप. प्रकाश आरपार जात नाही, चमकत नाही, बरंच स्वस्त, आणि ताण सहन करतं. पांढरंच घ्या, क्रीम किंवा आयव्हरी नाही, दुकानात दोन्ही पांढरीच वाटतात पण कोऱ्या कागदाशेजारी धरलं की पिवळेपणा लगेच दिसतो. कुठली बाजू पुढे ठेवायची यावर लोक वाद घालतात. वाद घालण्यापेक्षा छोटा तुकडा आणा, अर्धा सरळ अर्धा उलटा भिंतीला लावा आणि त्याच्यावर चेहऱ्याचा एखादा सीन चालवा, डोळ्यांना जी बाजू बरी वाटेल ती. माझ्याकडे लेपाची बाजू जास्त गुळगुळीत होती म्हणून ती पुढे आहे.

विणीकडे पण बघा. १०० इंचावर फुल एचडीचा एक पिक्सेल साधारण १.१५ मिमीचा पडतो आणि ४के चा ०.५८ मिमीचा, तेव्हा कापडाचा दाणा त्याच्यापेक्षा बारीक पाहिजे. जाडीभरडी वीण असेल तर आभाळाच्या सीनमध्ये कापडाचे धागे दिसत राहतात, एकदा दिसले की मग दुसरं काही दिसतच नाही.

आता पन्हा. इथे भरपूर लोक फसतात. पडद्याचं अस्तर बऱ्याचदा १३७ सेंमी पन्ह्याचं येतं आणि १०० इंची स्क्रीनला दुमडायला सोडून १५७ सेंमी लागतं. जोड द्यायचा विचार मनातून काढून टाका, शिवण कितीही बारीक घातली तरी दिसतेच. एकतर मोठ्या पन्ह्याचं शोधा, नाहीतर स्क्रीन ८४ इंचाच्या आसपास आणा, १३७ च्या पन्ह्यात तेवढीच बसते. आणि दुकानदाराला सांगा की घडी घालू नका, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून द्या. घडीची रेघ एकदा लेपात बसली की जाता जात नाही.

बाकी पर्याय थोडक्यात. पांढरं स्पँडेक्स मस्त ताणलं जातं, सुरकुत्या आपोआप जातात, आवाजही आरपार जातो म्हणून मागे स्पीकर ठेवता येतात, पण प्रकाशही जातो म्हणून मागे काळ्या कापडाचा दुसरा थर लागतो. जाहिरातीच्या बोर्डाचं फ्लेक्स चमकतं, मध्ये बल्बसारखा उजळ डाग पडतो, त्याची उलटी मॅट बाजू असेल तर गोष्ट वेगळी.

फ्रेम

आता १६:९ ची, म्हणजे रुंदी १६ तर उंची ९ अशा प्रमाणाची, १०० इंची स्क्रीन धरून चालू. चित्र २२१.४ बाय १२४.५ सेंमी. मी रिपा घेतो ६ सेंमी रुंद आणि अडीच सेंमी जाड. बॉर्डरही ६ सेंमीचीच ठेवायची, म्हणजे पुढून बघितलं तर जिथे लाकूड तिथे बरोबर काळी बॉर्डर येते आणि चित्राच्या मागे फक्त ताणलेलं कापड राहतं. फ्रेमचं बाहेरचं माप मग २३३.४ बाय १३६.५.

कापायच्या रिपा: २३३.४ सेंमीच्या दोन आडव्या, आणि १२४.५ च्या दोन उभ्या, ज्या आडव्यांच्या मध्ये बसतात. उभ्या रिपेची लांबी आणि चित्राची उंची एकच येते, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं. शिवाय १२४.५ चीच एक मधली रीप, पण ती पातळ, दीड सेंमी जाडीची, आणि फ्रेमच्या मागच्या अंगाला लावायची म्हणजे कापडापासून एक सेंमी आत राहते. ही मधली रीप नसेल तर कापडाच्या ताणाने लांब रिपा आत ओढल्या जातात आणि फ्रेम डमरूसारखी होते. आणि ती पुढे आली, कापडाला टेकली, तर चित्राच्या बरोबर मधोमध उभी रेघ.

लाकूड घेताना एक डोळा मिटून रिपेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघायचं, सुतार बघतो तसं. बाक असेल, पीळ असेल तर लगेच कळतं. मोठी गाठ असलेली रीप बाजूला ठेवा. ओलं लाकूड नकोच, आज सरळ दिसेल आणि महिन्याभरात पीळ खाईल.

सांधे जमिनीवरच जोडा, सपाट फरशीवर. टोकांना गोंद, मागून प्रत्येक कोपऱ्याला एल आकाराची लोखंडी पट्टी आणि स्क्रू. स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडून घ्या नाहीतर रिपेचं टोक चिरतं. स्क्रू पूर्ण आवळायच्या आधी दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही २७०.४ सेंमी आले पाहिजेत. निदान एकमेकांसारखे तरी हवेतच. गुण्या लावून कोपरे काटकोनात वाटले तरी एवढ्या मोठ्या फ्रेममध्ये सूतभर फरक दुसऱ्या टोकाला बोटभर होतो, त्यामुळे खरा भरवसा कर्णावर. फरक आला तर लांब कर्णाचे दोन कोपरे धरून आत दाबायचे, परत मोजायचं, मग आवळायचं.

मग अजून एक काम, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. फ्रेमची आतली पुढची धार रंध्याने किंवा पॉलिश पेपरने तिरकी उतरवून टाका. नाहीतर कापड त्या धारेवर घासून बसतं आणि चित्राच्या चारी बाजूंनी फिकट चौकट उमटते. बाहेरची धारही थोडी गोल करा, तिच्यावरून कापड मागे वळणार आहे. सगळं झालं की पुढची बाजू मॅट काळ्या रंगाने रंगवून टाका.

ताणणं

या कामाला दोन माणसं लागतात, एकट्याने होतं असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फरशी पुसून घ्या, वर स्वच्छ चादर, त्याच्यावर कापड पुढची बाजू खाली करून, त्याच्यावर फ्रेम पालथी. कापड फ्रेमपेक्षा चारी बाजूंनी दहा-दहा सेंमी जास्त हवं, म्हणजे २५३ बाय १५७. साडेआठ सेंमी दुमडण्यात जातं, उरलेलं धरून ओढायला.

पहिल्या स्क्रीनला मी काय केलं, तर डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि भिंतीला पोस्टर चिकटवावं तसा स्टेपल गनने पिना मारत सरळ उजवीकडे गेलो. तिसऱ्या बाजूपर्यंत छान चाललं होतं. चौथ्या कोपऱ्यात आलो तर तिथे हाताच्या पंजाएवढा फुगा, ओढावा तर कापड तिरकं होतंय, सोडावं तर झोळ. उलटी करून बघितली तर एका कोपऱ्यापासून मधोमध जिभेसारखी लाट आली होती. सगळ्या पिना, दोनशेच्या आसपास, चपट्या स्क्रू ड्रायव्हरने एकेक उचकटून काढल्या आणि तेवढ्यात कापड तीन ठिकाणी फाटलं.

तर असं करायचं नाही. वरच्या लांब बाजूच्या मधोमध तीन पिना. मग समोरच्या लांब बाजूला जाऊन मधोमध कापड ओढा, तीन पिना. मग डावी बाजू मध्यावर, उजवी बाजू मध्यावर. आता कापडावर अधिकच्या चिन्हासारखा ताण आलेला दिसेल आणि कोपरे ढिले असतील, ते तसेच असायला हवेत. मग प्रत्येक बाजूला मध्यापासून दोन्हीकडे एक-एक वीत पुढे जायचं, समोरासमोर, वर एक वीत झाली की खाली एक वीत, डावीकडे झाली की उजवीकडे. पिना चार-चार सेंमीवर, थोड्या तिरक्या, म्हणजे एकाच धाग्यावर सगळा जोर येत नाही. जोडीदाराने ओढायचं, तुम्ही मारायचं, आणि ओढणाऱ्याचा जोर दर वेळी सारखाच पाहिजे, म्हणून मध्येच हात बदलू नका. किती ओढायचं? बोटाने टिचकी मारली तर ढोलक्यासारखा नाही, पण भरीव आवाज यायला हवा.

कोपरे शेवटी. कोपऱ्याचं टोक आधी तिरकं आत दुमडून एक पिन, मग दोन्ही बाजू त्याच्यावर, भेटवस्तूला कागद गुंडाळतो तसं. जाड घडी पुढच्या बाजूला आली नाही पाहिजे. पिना वर राहिल्या असतील तर हातोडीने हलके ठोका.

सुरकुती राहिलीच तर स्क्रीन उभी करून एक दिवस तशीच सोडा, बारीक असतील त्या आपोआप बसतात. नाहीच गेल्या तर हेअर ड्रायर लांबून, मागच्या बाजूने. इस्त्री लेपावर कधीच नाही, लेप चिकटून येतो. आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघा.

काळी बॉर्डर

कापड बसलं की लोक काम संपलं समजतात आणि बॉर्डर नंतर लावू म्हणून विसरतात. स्वस्तात सगळ्यात जास्त फरक हीच पाडते. प्रोजेक्टर काळं दाखवू शकत नाही, तो फक्त प्रकाश टाकायचा थांबतो, स्क्रीन मुळात पांढरीच. डोळा काळं ठरवतो ते शेजाऱ्याच्या तुलनेत, आणि शेजारी खरी काळी पट्टी असली की चित्र आणखी उठून दिसतं आणि रंग भरलेले वाटतात.

यासाठी काळी मखमल. चिकटपट्टी असलेली मखमल मिळाली तर उत्तम, नाहीतर ६ सेंमीच्या पातळ पट्ट्यांना मखमल गुंडाळून त्या पुढून लावा. साधी काळी टेप किंवा चमकदार काळा रंग नको, त्याच्यावर प्रकाश पडला की चकाकतो. मखमलीच्या उभ्या लवेत प्रकाश गिळला जातो, म्हणून चित्र तीन-चार मिमी बॉर्डरवर सांडलं तरी दिसत नाही, आणि ते मुद्दामच सांडू द्यायचं, कड एकदम कापल्यासारखी येते. चिकटवताना आधी पेन्सिलने आतलं माप आखा आणि त्या चौकटीचा कर्ण मोजा, बरोबर २५४ सेंमी, म्हणजेच १०० इंच. मखमलीची लव चारही बाजूंना एकाच दिशेला ठेवायचा प्रयत्न करा, नाहीतर उजेडात दोन छटा दिसतात.

टांगणं

साध्या खिळ्यावर दोरीने टांगली तर स्क्रीन पुढे झुकते आणि पंखा लावला की हलते. सोपी आणि पक्की पद्धत म्हणजे एक रीप लांबीत ४५ अंशात चिरून तिच्या दोन पट्ट्या करायच्या. एक भिंतीला स्क्रूने, तिरकी धार वर आणि भिंतीकडे खोबण होईल अशी. दुसरी फ्रेमच्या वरच्या रिपेला मागून, उलटी. फ्रेम वरून उतरवली की एकमेकींत अडकतात, शिवाय डावी-उजवीकडे सरकवता येते. भिंतीवरची पट्टी स्पिरिट लेव्हल लावूनच बसवा. फ्रेमच्या खालच्या बाजूला मागून तेवढ्याच जाडीचे दोन ठोकळे, म्हणजे स्क्रीन ओळंब्यात राहते.

रंगवलेली भिंत आणि राखाडी स्क्रीनचं काय

भिंत स्वतःची असेल आणि सरळ असेल तर फ्रेमच्या ऐवजी भिंतच रंगवता येते, सगळ्यात स्वस्त तेच. खड्डे पुट्टीने भरा, घासा, रात्री बॅटरी भिंतीला समांतर धरून बघा, प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. मग पूर्ण मॅट पांढरा रंग, बारीक लवेच्या रोलरने, दोन-तीन हात, शेवटचा हात एकाच दिशेने. साटन किंवा ग्लॉस घेतलात तर मध्ये उजळ गोळा दिसेल. बॉर्डर इथेही लागतेच.

राखाडी स्क्रीन काळं जास्त गडद करते हे खरं, पण ती पांढरंही तेवढंच कमी करते. प्रोजेक्टरचा स्वतःचा कॉन्ट्रास्ट त्याने वाढत नाही. फायदा होतो तो फिकट भिंती असलेल्या खोलीत, कारण स्क्रीनवरून उडालेला प्रकाश भिंतींवर आपटून परत येतो तो कमी होतो. प्रोजेक्टर जोरदार असेल तरच त्या वाटेला जा, आणि राखाडीत निळी किंवा जांभळी झाक नको, माणसांचे चेहरे आजारी दिसतात. पहिली स्क्रीन असेल तर पांढरीच करा. त्यापेक्षा स्क्रीनच्या वरचं छत आणि बाजूच्या भिंती पहिल्या मीटरभर गडद केल्या, अगदी गडद पडदे सोडले तरी, जास्त फायदा होतो.

लावून झाली की आधी पूर्ण पांढरा फोटो दाखवा आणि मध्ये उजळ डाग किंवा डागाळलेलं काही दिसतंय का बघा. मग फिकट राखाडी फोटो, त्याच्यात सुरकुत्या लपत नाहीत. मग फुटबॉलचा सामना किंवा कॅमेरा हळू फिरतोय असा सीन, कारण लाटा थांबलेल्या चित्रापेक्षा सरकत्या चित्रात जास्त दिसतात. आठ-दहा दिवसांनी कापड थोडं सैल पडतं, माझ्या तिसऱ्या स्क्रीनचंही पडलं होतं, तेव्हा उतरवून खालच्या बाजूच्या पिना काढून तेवढीच बाजू मध्यापासून परत ताणायची. त्यासाठी मागे राहिलेलं जास्तीचं कापड त्याआधी कापून टाकू नका.